पितळी कर्णा, नग एक

१९८५ सालच्या आषाढात, म्हणजे गिरण्यांचा संप सुरू होऊन साडेतीन वर्षे उलटली होती, तो मिटल्याचे कोणी जाहीर केले नव्हते आणि चालू असल्याचे कोणाला खरे वाटत नव्हते अशा दिवसांत, एका रविवारी तिसऱ्या प्रहरी मी ठाकूरद्वारच्या चाळीत मामांकडे गेलो, तो चोरबाजारात मिळालेली एक जुनी तबकडी छत्रीपेक्षाही अधिक जपून बगलेत धरून. मामा धोबी तलावावरच्या कोर्टात बेलीफ म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी वरिष्ठ कारकून म्हणून निवृत्त झाले. परंतु निवृत्तीने त्यांची खुर्ची तेवढी सुटली, भाषा सुटली नाही. घरात भाजी महाग आली तरी ते मामींची आधी कैफियत घेत आणि मग निकाल देत. त्यांच्यापाशी चावीचा ग्रामोफोन होता, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवाचून दुसऱ्या कशासाठीही त्याची चावी फिरवायची नाही, असा त्या घराचा दंडक होता. त्या दिवशी तो मोडला, याचे श्रेय मामींच्या कांदाभज्यांना आणि पावसामुळे बुडालेल्या मामांच्या फेरफटक्याला.

तीन मिनिटे ट्रम्पेट वाजत राहिला. मामांनी डोळे मिटले नाहीत. गाणे आवडले तरच ते डोळे मिटीत.

"कोणाचे हे?"

"चिक चॉकलेट."

"हे माणसाचे नाव की पदार्थाचे?"

"माणसाचे. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म १९१६ चा. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हातात तसाच पांढरा रुमाल, गळ्यात तशीच खरखर. मामा, मी यावर लिहायला घेतले आहे. मुंबईने दृष्टीआड केलेला जॅझचा वारसा."

मामांनी हातातले भजे बशीत परत ठेवले.

"वारसा हा शब्द तुम्ही लेखक मंडळींनी फार स्वस्त केला आहे," ते म्हणाले. "अरे, कोर्टात नुसते 'मी वारस' म्हणून भागत नाही. मयताशी नाते शाबीत करावे लागते, मिळकत मयताची होती हे शाबीत करावे लागते, आणि ती कोर्टाच्या हद्दीत होती हेही. तुझी ही मिळकत अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. ती येथे आणली हॉटेलवाल्यांनी, ऐकली साहेबांनी आणि संस्थानिकांनी, वाजवली गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी, तीही पोटासाठी. यात मुंबई कोठे आली? हे शहर गिरण्यांचे. पहाटेच्या भोंग्याला उठून साच्यावर उभे राहणाऱ्या माणसाला रात्री बाराचा फॉक्सट्रॉट ऐकू येतो कसा, ते मला दाखव."

आक्षेप खोडसाळ नव्हता. मी माझी बाजू प्रथमपासून मांडू लागलो. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला संच घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्या संचातले सारे वादक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला; त्याच्या संचाने १९३६ साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' तबकडीवर उतरवले, आणि ती चाल बांधणारा मेना सायलस हा बगदादी यहुदी होता. मग टेडी वेदरफर्ड. शिकागोत तरुण आर्मस्ट्राँग ज्या थिएटरच्या वाद्यवृंदात होता त्याच वृंदात पियानो वाजवणारा हा माणूस १९२६ साली पूर्वेकडे निघाला, शांघायहून फिरत फिरत ताजमध्ये पोचला, आणि युद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, कलकत्त्यात पटकीने वारला. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पाहुणे म्हणून पाऊल टाकण्याची चोरी होती, त्या माणसांना समुद्राच्या पलीकडे, पारतंत्र्यात असलेल्या देशातल्या एका हॉटेलात मानाने उभे राहता यावे, ही विसंगती मला मोठी हृद्य वाटत आली आहे, आणि ती मी जरा रंगवूनच सांगितली.

"तू माझाच साक्षीदार झालास," मामा म्हणाले. "ताज, ताज आणि पुन्हा ताज. ताजच्या जिन्याखालचा एक तरी पुरावा दे."

"तो तुमच्या कोर्टाच्या दारात होता. कुडीत कधी गेला होतात?"

"गेलो होतो म्हणजे? समन्स कोण बजावणार?"

आणि मग, प्रतिपक्षाचा साक्षीदार आपण होऊन बोलू लागला की वकिलाने मध्ये पडू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकलेलो असल्यामुळे, मी गप्प राहिलो. धोबी तलावापासून माझगावपर्यंत गोव्याच्या गावोगावच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडे, होत्या, त्यांतल्या कित्येकींचे उंबरे मामांनी झिजवले होते. भिंतीशी पत्र्याच्या आणि लाकडी पेट्या एकीवर एक रचलेल्या, प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात मालकाचे नाव. माणूस दोन दोन वर्षे बोटीवर असला तरी पेटीची जागा कोणी घ्यायची नाही. एका अंगाला वेदी, तिच्यावर गावच्या संताची तसबीर, आणि संध्याकाळी जो कोणी हजर असेल त्याने प्रार्थनेला उभे राहायचे, मग तो खलाशी असो, बबर्जी असो वा बाजेवाला. एका गावची एक कूड. परगावच्याला तेथे पथारी नाही. "समन्स कोणाच्या नावचे ते वाचून दाखवले," मामा म्हणाले, "की सगळे एका सुरात सांगत, तो बोटीवर गेला. तो मात्र तेथेच, पेटीवर बसून दाढी करीत असायचा."

"आणि लालबागला आपले तुकारामभाऊ राहत, ते कसे?"

मामा थांबले. तुकारामभाऊ त्यांचे चुलतभाऊ, साचेखात्यात सव्वीस वर्षे काढलेले.

"गाववाल्यांच्या खोलीत," ते सावकाश म्हणाले. "वीस जण. दिवसपाळीवाले उठले की त्याच वाकळेवर रातपाळीवाले. ट्रंका भिंतीशी. कोनाड्यात देव."

मला एवढेच शाबीत करायचे होते. १८५४ साली कावसजी दावरांनी गिरणीची मुहूर्तमेढ रोवली त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोकणाने आणि घाटाने आपली माणसे या शहराला पुरवली, तशीच ती गोव्यानेही पुरवली. शेत पुरेना, जमीन दुसऱ्याची, म्हणून दोघेही निघाले, आणि दोघांच्याही गावी महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डरीकडे डोळे लागलेले असत. फरक इतकाच की गोव्याच्या पोराने बोटीत पाय ठेवण्यापूर्वी चर्चच्या शाळेत मेस्त्रांच्या छडीखाली सोल्फाचे धडे गिरवलेले असत, काखेत व्हायोलिन धरलेले असे, मृतासाठी आणि फेस्तासाठी वाजवलेले असे. जी विद्या देवासाठी फुकट मिळाली, तिचा मुंबईत भाव होत होता. दुपारच्या वेळी धोबी तलावाच्या आसपासच्या उपाहारगृहांतून हे वादक चहाच्या एका पेल्यावर तास तास बसून राहत आणि रात्रीच्या कामाला कमी पडणारी माणसे तेथून उचलली जात. गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार उभा राही, त्याहून हे दृश्य फारसे निराळे नव्हते. जेर महालात खाली फुर्टाडोंचे वाद्यांचे दुकान आणि वर कुडी, अशी ही पेठच होती. गिरणगावावर आमच्या लेखकांनी पुष्कळ लिहिले. शाहीर मोजले, भजनी मंडळे मोजली, तमाशाचे फड मोजले, ते योग्यच झाले. पण काळा कोट घालून रात्री कामावर जाणारा हा माणूस त्यांच्या खानेसुमारीत कामगार म्हणून कधी आलाच नाही. कोटामुळे तो साहेब वाटला असावा.

"कामगार होते हे कबूल," मामांनी तेवढ्यापुरता कबुलीजबाब दिला. "पण कामगार असण्याने वारसा सिद्ध होत नाही. परंपरा कोठे आहे? खाँसाहेब १९३७ साली गेले. पण मागे सवाई गंधर्व होते, आज गंगूबाई आहेत, भीमसेन आहेत. गंडा बांधला जातो, गायकी पुढे जाते. तुझ्या चॉकलेटचा शिष्य कोण?"

"शिष्य नाही. पण ज्याच्या पायांत ते सूर उतरले असा एक माणूस आहे. भगवान."

"अलबेलावाला?"

"तोच. आणि त्याचे वडील कोण होते? गिरणी कामगार."

हे मामांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेली गोष्ट ऐकताना ते नेहमी करीत तसे त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मी सांगत गेलो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या हाताखाली चिक चॉकलेट सहायक होते. १९४७ च्या 'शहनाई'पासून हिंदी गाण्याला जो एक खट्याळ, पाश्चात्त्य ठेका लागला होता, तो १९५१ च्या 'अलबेला'त असा काही फुलला की ताजच्या नाचघरातला ट्रम्पेट आणि दादर-परळच्या गल्लीत वाढलेल्या गिरणी कामगाराच्या मुलाचे पाऊल एकाच तालात पडू लागले. चिक आणि त्यांचे वादक त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. ज्या प्रेक्षकाला ताजच्या दरवानाने पायरीशीच हटकले असते, तो पुढच्या बाकावर विडी ओढत तेच वाजणे ऐकत होता, आणि पडद्यावर नाचणारा नायक त्याच्यासारखाच थोडा स्थूल, थोडा गरीब आणि फार हौशी होता. शिवाय या चित्रसृष्टीचा कारखानाही कोठे दूर नव्हता; शांतारामबापूंनी १९४२ साली राजकमल उभारले ते परळला, भोंग्याच्या ऐकू येण्याच्या टप्प्यात.

"गेल्या अनंत चतुर्दशीला लालबागला होतो," मी म्हणालो. "पुढे बँड होता. लाल डगले, कलाबतू काळवंडलेली. त्यांनी अलबेलातली एक चाल धरली आणि बंद गिरण्यांतली माणसे नाचू लागली. उड्या नाहीत, पाऊल जागच्या जागी, खांदा तेवढा हलतो, हात कोपरात मुडपलेला. भगवानचे पाऊल. ट्रम्पेटवाला मराठवाड्यातला होता, नोटेशनचे एक अक्षर येत नव्हते. पण ओळीच्या अखेरीस त्याने सूर सरळ सोडला नाही. किंचित वर ओढला, थरथरवला आणि मग टाकून दिला. मामा, ही या तबकडीतली जागा आहे. त्याला हा गंडा कोणी बांधला?"

"हा पुरावा बरा आहे," मामा म्हणाले, आणि लगेच उलटतपासणीला उठले. "परंतु दोन प्रश्न. एक, या चालींतल्या पुष्कळशा विलायती तबकड्यांवरून उचललेल्या. चोरीचा माल वारशात मोजत नाहीत. दुसरा याहून अवघड. जॅझचा प्राण आयत्या वेळच्या उपजेत आहे, आमच्या आलापासारखा, असे मागे तूच मला पटवीत होतास. तो अमेरिकन पियानोवाला ब्रूबेक १९५८ साली येथे आला तेव्हा सतारिये हलीम जाफर खाँ त्याच्याबरोबर बसले, हेही तूच सांगितलेस. मग कागदावर लिहून दिलेले सूर, घड्याळ लावून, वाजवून घरी जायचे, याला जॅझ कसे म्हणतोस?"

येथे माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाची रीत अशी की संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, आणि ती ऐकून कोणत्या वाद्याने कोठे शिरायचे, खाली कोणते स्वर भरायचे, दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत काय वाजायचे, हे सारे एखादा गोमंतकीय सहायक रेषांच्या कागदावर उतरून प्रत्येक वादकापुढे ठेवी. सेबास्टियन डिसोझा हे त्यांतले मोठे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा स्वतःचा संच होता, पुढे ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ त्यांच्या लेखणीतून उतरला. श्रेयनामावलीत अशा माणसाचे नाव लहान अक्षरांत आले तर आले, बहुधा नाहीच. तेव्हा मामांचे म्हणणे खरे होते: रात्री उशिरा, गिऱ्हाईक पांगल्यावर, आपल्याच आनंदासाठी जे वाजत असेल ते जॅझ, स्टुडिओत उरली ती त्याची फोडणी. मेहनताना रोख मिळाला, आणि त्याच्या मोबदल्यात उपज गहाण पडली.

"माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या," मी विषयाला किंचित बगल देत म्हणालो. "संगीतकार प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. १९७७ च्या त्या सिनेमातल्या गाण्यामुळे हे नाव शेंबड्या पोराच्याही तोंडी आहे, आणि असा खरोखरीचा माणूस आहे हे शंभरांत एकालाही माहीत नाही. १९५८ साली त्यांनी हिंदुस्थानी रागांवर पाश्चात्त्य धर्तीचा भला मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. झेवियर कॉलेजच्या चौकात."

"झेवियरच्या?" मामा चमकले. "मी त्या भिंतीकडेने रोज घरी येत होतो."

"तेच तर म्हणतो."

"बरे, बरे. पण मग हॉटेल सोडून हे सिनेमात गेले का? तेथे उपज होती ना?"

"१९४९ चा दारूबंदी कायदा. पुढच्याच वर्षी सारा मुंबई इलाखा कोरडा. परवान्यावाचून पेला नाही, पेल्यावाचून गिऱ्हाईक रात्री थांबेना, आणि गिऱ्हाईक नाही तर बारा वादकांचा तनखा कोणता मालक देणार? मोठी हॉटेले तगली. बाकीच्यांनी बँड निम्मे केले, कोणी पियानोवर झाकण टाकले."

मामी चहा घेऊन आल्या होत्या. मामांनी कप हातात घेतला, पण ओठांशी नेला नाही. पावसाने वळचणीला धार धरली होती आणि तबकडी केव्हाच संपून सुई मध्यभागी येऊन थांबली होती; ती उचलायला दोघांपैकी कोणी उठले नाही.

"एकावन्न साल असेल," ते म्हणाले. "मी नवा होतो. एका शिंप्याचा हुकूमनामा होता, कुडीतल्या एका बाजेवाल्यावर. हॉटेलाने अट घातलेली, काळा कोट हवा, साटिनच्या कॉलरचा. याने शिवून घेतला, हप्ते बांधून. दोन हप्ते दिले आणि हॉटेलाने बँड बंद केला. तू आता सांगितलेस त्याच कारणाने असावे. तेव्हा मला कारण विचारण्याचे काम नव्हते. जप्तीचे वॉरंट घेऊन गेलो. गंमत पाहा, ज्या कोटाचे देणे तो कोट त्याच्या अंगावर होता, आणि अंगावरचा कपडा जप्त करता येत नाही. पेटी उघडली तर दोन शर्ट, जपमाळ, बायकोची पत्रे. मग कोपऱ्यातले हे वाद्य. तो म्हणाला, हे माझे हत्यार आहे. सुताराचा रंधा उचलून नेता काय? कायद्याने कारागिराची हत्यारे सोडलेली आहेत, हे त्याला कोणी सांगितले होते देव जाणे. मी म्हणालो, कायद्यात हत्यार लिहिले आहे, बाजा लिहिलेला नाही. ते साहेबांपुढे सांग."

"साहेबांनी काय ठरवले?"

"साहेबांपर्यंत गेलेच नाही. तीन आठवड्यांनी शिंप्यानेच तडजोड केली, नवे हप्ते बांधून दिले. पण तोवर तो माल आमच्या कपाटात होता, दोरीने चिठ्ठी बांधून. पंचनामा मी माझ्या हाताने लिहिला. अजून पाठ आहे. 'पितळी कर्णा, नग एक, वापरलेला, कळा तीन, डाव्या हाताच्या पकडीपाशी मुलामा उडालेला, तोंडाची नळी नाही.'"

"तोंडाची नळी नाही? तिच्यावाचून तो वाजणारच नाही, मामा. म्हणजे आधीच हरवली होती?"

मामांनी कप खाली ठेवला आणि पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला.

"कोटाच्या खिशात होती. टोक बाहेर दिसत होते."

"तुम्हाला दिसले?"

"बेलिफाला दिसावे लागते. पंचांनाही दिसले होते. एक म्हणाला, रावसाहेब, हेही लिहा. मी म्हटले, अंगावरचा कपडा वगळलेला आहे, आणि कपड्याच्या खिशाबद्दल वॉरंटात काही लिहिलेले नाही." सुपारीचे खांड कट्टकन फुटले. "पुढे ते तीन आठवडे तो रोज सकाळी कुडीच्या गॅलरीत उभा राहून ती नुसती नळीच तोंडाला लावून फुंकीत असे. बदकासारखा आवाज यायचा. कोर्टात जाता जाता मी एकदोनदा खाली उभा राहून ऐकला."